धोंड्याखालची मुरी: ओढ्यातला बोटाएवढा मासा ओळखायचा कसा आणि जपायचा कसा

आंबोलीला जाणारे बहुतेक जण धबधबा बघतात, मक्याचं कणीस खातात, फार तर हिरण्यकेशीच्या देवळात जाऊन गुहेतून येणाऱ्या पाण्याला हात जोडतात आणि परत फिरतात, पण त्याच पाण्यात दगडांच्या आडोशाला एक बोटाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा राहतो आणि २०२० पर्यंत विज्ञानाकडे त्याला नावसुद्धा नव्हतं. त्या वर्षी प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली देवळाजवळचा २.११ हेक्टरचा परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केला. एवढ्याशा माशासाठी एवढं झालं, मला अजून त्याचा आनंद होतो.

तेव्हापासून बरेच जण विचारतात की आम्हाला पण असे मासे बघायचेत, आमच्या गावच्या ओढ्यात असतील का, सुरुवात कुठून करायची. म्हणून हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकीचं सगळं तिच्यावरच आहे: हा मासा, ज्याला गावाकडे मुरी म्हणतात, मोकळ्या पाण्यात राहत नाही, धोंड्याखालच्या पोकळीत राहतो. त्यामुळे ओळखायचा असेल तर त्या पोकळीशी शांत बसावं लागतं, आणि जपायचा असेल तर ती पोकळी जपावी लागते.

पायरी १: वेळ निवडा

पावसाळ्यात ओढ्यात उतरू नका, अजिबात नाही. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर डोंगरात सर आली की खाली पाणी किती मिनिटांत वाढेल याचा भरवसा नाही. शिवाय गढूळ पाण्यात दिसणार काहीच नाही, आणि घाटातले बरेचसे मासे याच दिवसांत अंडी घालतात, तेव्हा आपण तिकडे पाय न घातलेलाच बरा. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी नितळ व्हायला लागतं, तिथून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंतचा काळ नवशिक्यांसाठी सगळ्यात चांगला. मार्च-एप्रिलमध्ये मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात, दिसायला सोपे होतात, पण तेव्हा ते आधीच तगून राहायच्या खटपटीत असतात म्हणून काठावरूनच बघा.

सकाळी नऊ ते अकरा. ऊन तिरकं असतं आणि पाण्याच्या तळापर्यंत पोचतं.

पायरी २: काय न्यायचं

जाळं नको, गळ नको. एक काचेची बरणी किंवा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, तळ अर्धा-एक इंच पाण्यात टेकवून वरून आत बघा, पाण्यावरची चकाकी गायब होते आणि तळाचा खडा न् खडा दिसतो, दोन हजारांचा कॅमेरा करणार नाही ते काम ही लोणच्याची बरणी करते. बाकी मोबाईलसाठी वॉटरप्रूफ पाऊच, लहान पट्टी, वही-पेन्सिल (पेनची शाई ओलीत पसरते) आणि मागून घट्ट बसणारी चप्पल. हातापायाला सनस्क्रीन किंवा मच्छर पळवायचं क्रीम लावून पाण्यात जाऊ नका, लहान ओढ्यात पाणी थोडं असतं आणि ते सगळं त्यातच उतरतं. डास असतील तर फुल बाह्यांचा शर्ट घाला.

पायरी ३: आधी बसा

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर ओढ्याच्या काठाने चालत होते, उभ्यानेच वाकून वाकून बघत होते आणि काही दिसत नव्हतं. वर कपडे धुवायला आलेल्या एक आजी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "अगो, मुरी ती धोंड्याखाली रवता, उभ्यान दिसाची नाय, बस खाली." बसले. दहा मिनिटं काही नाही. मग एका चपट्या दगडाच्या कडेला जी मी सावली समजत होते ती सावली दोन इंच पुढे सरकली आणि पुन्हा थांबली, पुढचे दोन पंख खड्यावर टेकलेले, मिशा वाळूत, अंगावर उभे पट्टे. एवढा वेळ ती तिथेच होती!

तर काठावर सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा, पंधरा मिनिटं हलू नका. बघायचं कुठे? जिथे पाणी दगडांवरून खळखळत येतं आणि लगेच खाली थोडं शांत होतं त्या जागी, तळहाताएवढे ते ताटाएवढे दगड एकावर एक सैल पडलेले असतात तिथे. पाणी घोट्याएवढं असलं तरी चालतं. अशा पाण्यात प्राणवायू भरपूर मिसळलेला असतो आणि या माशांना तोच लागतो.

गावच्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा. या माशांना कुठे मुरी म्हणतात, कुठे मुरा, कुठे अजून काही, आणि एकाच गावात दोन वेगळ्या माशांना एकच नाव असतं असंही होतं. ती नावं जशी ऐकाल तशी लिहून ठेवा, स्वतःहून सुधारू नका.

पायरी ४: ओळख

इथे घाई केली की चुकतंच. आधी हे मासे आहेत याची खात्री करा, हसू नका, पावसाळ्यानंतर खडकाला चिकटून बसलेले बेडकाचे डिंभ (शेपटीवाली पिल्लं) आणि मुरी यात सुरुवातीला मी स्वतः गोंधळले आहे. डिंभाचं डोकं-पोट एकच गोल गोळा असतो, मिशा नसतात, पुढचे पंख नसतात.

मग मिशा मोजा. शिस्टुरा गटातल्या माशांना तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असतात, दोन थोबाडाच्या टोकाला आणि एक तोंडाच्या कोपऱ्यांत. तोंड खालच्या बाजूला, अंग लांबट गोल, पाठीवर एकच पंख, अंगावर उभट पट्टे आणि बहुतेकांच्या शेपटीच्या बुडाशी एक ठळक काळी रेघ. खवले इतके बारीक की अंग नुसतं गुळगुळीत दिसतं.

आता याच्या आसपास दिसणारे बाकीचे. मळ्या हा ओढ्यात सगळ्यात जास्त भेटतो, तोही खडकाला चिकटून शेवाळ खरवडतो, पण त्याचे खवले स्पष्ट दिसतात आणि तोंडाच्या मागे चकतीसारखा चोषक असतो. खरबीला मिशाच नसतात आणि पोटाखालचे दोन पंख जुळून वाटीसारखे झालेले असतात. दगडाला चिकटणाऱ्या छोट्या मागूरवर्गीय माशाच्या पाठीवर शेपटीकडे अजून एक छोटा मांसल पंख असतो, तो दिसला की तो मुरी नाही. वाळूत घुसून फक्त डोकं बाहेर काढणारी एक वेगळी मुरी आहे, तिच्या अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपके असतात आणि डोळ्याखाली बारीक काटा असतो, हातात घेतली तर टोचतो. आणि एक जण सगळ्यात जास्त फसवतो, तो इंडोरिओनेक्टीस. पुणे भागातल्या ओढ्यांत तो पूर्वीपासून माहीत आहे, दिसायला तसाच पट्टेदार, पण त्याच्या नाकपुडीपासून सुद्धा मिशीसारखा धागा निघतो म्हणून मोजताना चार जोड्या भरतात.

इथपर्यंत आलात की तुम्ही "हा शिस्टुरा आहे" एवढं खात्रीने म्हणू शकता, आणि इथेच थांबायचं. कोणता शिस्टुरा हे पट्ट्यांवरून ठरवू नका. घाबरलेल्या माशाचे पट्टे फिके पडतात, तळ काळा असेल तर गडद होतात, पिल्लाचे आणि मोठ्याचे वेगळे असतात. तज्ज्ञ बघतात ते अंगावरची पार्श्वरेषा (कुशीवरून लांबीने जाणारी बारीक रेघ) शेपटीपर्यंत जाते की मध्येच संपते, पोटाच्या पंखाच्या मुळाशी छोटी मांसल घडी आहे का, शेपटीच्या पंखात फाटे फुटलेले काटे किती, वरच्या जबड्यात मधोमध दातासारखा उंचवटा आहे का. आणि जागा. सह्याद्रीत या माशांसाठी जागा ही मोठी खूण आहे, कारण एका खोऱ्यातला मासा डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जात नाही. हिरण्यकेशीचं पाणी आजरा, गडहिंग्लजवरून कर्नाटकात घटप्रभेला आणि तिथून कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जातं, आणि त्याच आंबोलीच्या पश्चिमेच्या कड्यावरून पडणारं पाणी अरबी समुद्रात जातं. मधलं अंतर चालत जाण्याएवढं पण माशांच्या दृष्टीने दोन वेगळे देश. त्यामुळे तुमचा ओढा कुठल्या नदीला मिळतो हे आधी नकाशात शोधा, नाव नंतर.

पायरी ५: फोटो, मासा न पकडता

वारसास्थळाच्या हद्दीत मासा पकडायचा नाही, हात लावायचा नाही, संशोधनासाठीसुद्धा परवानगी लागते. इतर ठिकाणी सुद्धा मी नवीन लोकांना पकडू नका असंच सांगते. पाऊचमधला मोबाईल तळाशी दगडाला टेकवून व्हिडिओ चालू करा आणि मागे सरका. पाच-सात मिनिटांत मासा स्वतः समोर येतो. नंतर व्हिडिओतून स्थिर चित्रं काढा. लागतात ते चार अँगल: पूर्ण डावी बाजू, वरून, तोंड जवळून आणि शेपटीचं बुड. पट्टी दगडाला लावून ठेवली असेल तर लांबीही कळते.

आयनॅचरलिस्ट ॲपवर फोटो टाका, तिथे जाणकार लोक ओळख पटवायला मदत करतात. पण टाकताना लोकेशन अस्पष्ट ठेवायचा पर्याय निवडा. हे विसरू नका. शोभेच्या माशांच्या बाजारात पट्टेदार ओढ्यातल्या माशांना मागणी आहे, केरळ-कर्नाटकातला लाल रेघेचा डेनिसन बार्ब याच बाजारापायी इतका उपसला गेला की आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये मोजला जातो. आपल्या ओढ्याचा नेमका पिन व्हॉट्सॲपवर फिरला तर तेच होईल. माझ्याकडून एकदा फार उत्साहात चूक झाली होती, फोटोसोबत वाटेची खूण पण टाकली आणि पुढच्या रविवारी तिथे बादल्या घेऊन माणसं आलेली दिसली. पोस्ट काढली, पण जे गेलं ते गेलं.

पायरी ६: वही

तारीख, वेळ, ओढ्याचं गावातलं नाव, पाणी घोट्याला की गुडघ्याला, तळ कसा, किती मासे किती मिनिटांत दिसले, सोबत अजून काय होतं. काहीच दिसलं नाही तर तेही लिहा. एकाच जागी दर महिन्याला जा, दहा जागी एकेकदा जाण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

पायरी ७: पोकळी तपासा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि कोणी करत नाही.

काठाजवळचा तळहाताएवढा एक दगड हळूच उचला. सहज उचलला गेला, खाली काळोखी जागा आहे, तिथून पाणी वाहतंय, दगडाची खालची बाजू स्वच्छ आहे, तर ओढा जिवंत आहे. दगड ओढून काढावा लागला, निघताना चिखलाचा ढग उठला, खाली गाळ घट्ट बसलाय, तर वरून पाणी कितीही नितळ दिसू दे, मुरीला तिथे घर नाही.

आता त्या उलटलेल्या दगडाकडे नीट बघा. ओल्या बाजूवर दाण्याएवढे खडे एकमेकांना चिकटवून केलेली नळकांडी दिसतात, आत एक अळी असते, हात लागला की डोकं आत घेते. बाजूला चपटे किडे तिरके पळतात, शेपटीला बहुतेक वेळा तीन धागे असतात, ती मे-फ्लायची पिल्लं. दोनच धागे असलेला, पिवळसर-तपकिरी, जाड पायांचा किडा सापडला तर खूश व्हा, तो स्टोनफ्लाय, घाण पाण्यात तो टिकतच नाही. हेच मुरीचं जेवण आहे, म्हणजे एका दगडाखाली तिचं घर पण आणि स्वयंपाकघर पण. बघून झालं की दगड जसा होता तसा, तीच बाजू खाली, त्याच खड्ड्यात ठेवा. दिवसाला दोन-तीन दगड पुरे. फोटोसाठी दगडांवर दगड रचून मनोरे करू नका आणि मुलांना करू देऊ नका, एकेक मनोरा म्हणजे दहा-पंधरा घरं मोडलेली.

गाळ कुठून येतो ते वर चालत जाऊन शोधा. बहुतेक वेळा रस्त्याचं काम, मातीचा ढीग थेट ओढ्याच्या काठावर टाकलेला, नाहीतर काठावरची झाडं तोडून केलेला प्लॉट. ठेकेदाराशी भांडायच्या आधी बोलून बघा, ढीग पन्नास फूट मागे घ्या आणि खालच्या बाजूला दगडांची ओळ लावा एवढंच सांगायचं असतं, दोन वेळा माझं ऐकलं गेलंय, एकदा नाही.

दुसरं म्हणजे सिमेंट. देवाचं कुंड छान करूया म्हणून गावकरी वर्गणी काढतात, भावना चांगलीच असते, आणि मग तळाला कोबा, बाजूला प्लास्टर, वर टाइल्स. पाणी तेवढंच राहतं, मासे जातात, कारण दगडांमधल्या फटी बुजल्या. माझ्या ओळखीच्या एका गावात असं झालं, उद्घाटनाच्या नारळाला मी हजर होते आणि पुढच्या मोसमात त्या कुंडात एक मुरी दिसली नाही. तुमच्या गावात असा विषय निघाला तर कामाच्या आधीच्या बैठकीला जा, नंतर काही उपयोग नाही. सांगायचं ते असं: काठाला कोरडी दगडी रचाई करा, सांध्यांत सिमेंट भरू नका, तळाला हातच लावू नका, आणि वरून आत येणारा व खाली बाहेर जाणारा प्रवाह कुठेही तोडू नका. मजबुतीला काही कमी पडत नाही, जुनी कुंडं अशीच शेकडो वर्षं उभी आहेत.

देवस्थान असलं की ती गोष्ट उलट आपल्या बाजूनेच असते हे लक्षात घ्या. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे, तिथले मोठे मासे देवाचे म्हणून कोणी मारत नाही, हे कुठल्याही कायद्याच्या आधीपासून चालत आलंय. फक्त तिथे मोठा मासा दिसतो म्हणून तो देवाचा होतो, आणि बोटाएवढी मुरी कोणाला दिसतच नाही. म्हणून पुजारीकाकांना, गुरवांना एकदा बरणी पाण्यावर टेकवून मुरी दाखवा. एकदा बघितली की पुढचं बरंचसं तेच सांभाळतात. निर्माल्यासाठी बाजूला कुंडी ठेवणं, साबण-डिटर्जंट खालच्या बाजूला नेणं, चुरमुरे-पाव पाण्यात न टाकणं (ते कुजतं आणि प्राणवायू खातं) हे बाहेरच्या माणसाने सांगितलेलं कोणी ऐकत नाही, गुरवांनी सांगितलेलं ऐकतात.

पायरी ८: बाहेरचे मासे सोडू नका

डासांसाठी गप्पी मासे ओढ्यात सोडणं बंद करा. घरचा हौद, बंद टाकी, बांधकामाचा साचलेला खड्डा इथे ठीक आहे, वाहत्या पाण्यात नाही. ते अंडी-पिल्लं खातात, जागा अडवतात आणि एकदा सुटले की परत गोळा करता येत नाहीत. तिलापिया आणि आफ्रिकन मागूर त्याहून वाईट. ॲक्वेरियमचा कंटाळा आला म्हणून "बिचाऱ्याला मोकळं सोडूया" असं करणारे खूप आहेत, मासे दुकानात परत द्या, कोणाला तरी देऊन टाका, पण ओढ्यात नाही. पुण्य म्हणून मासे सोडायची पद्धत जिथे आहे तिथेही हेच सांगा.

उन्हाळ्यात पंपाने डोह तळापर्यंत उपसू नका, पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि निदान गुडघाभर पाणी ठेवा. तेवढ्या पाण्यावर मासे जूनपर्यंत काढतात.

पायरी ९: ग्रामपंचायत

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. बऱ्याच गावांत ती कपाटात असते. ग्रामसेवक भाऊंना विचारून ती उघडा, मासे या पानावर काय लिहिलंय बघा. तुमची वर्षभराची वही इथेच कामाला येते. फोटो, तारखा, गावातली नावं, ओढ्याचं नाव असं सगळं एका अर्जाला जोडून समितीला द्या आणि पोच घ्या. उद्या त्या ओढ्यावर बंधारा किंवा रस्ता आला तर "इथे काही नव्हतं" असं कोणाला म्हणता येत नाही. वारसास्थळासाठी प्रस्ताव जातो तोही स्थानिक पातळीवरच्या नोंदींवर उभा राहतो. सिंधुदुर्गातच बांबर्ड्याला रान जायफळाच्या दलदलीला असा दर्जा मिळालाय, म्हणजे छोटी जागा आहे म्हणून प्रस्ताव चालत नाही असं काही नाही.

आणि एकदम मासे मेलेले दिसले तर

ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक किंवा सुरुंग टाकून मासे मारणं गुन्हा आहे, तरी उन्हाळ्यात होतं. पांढरी पोटं वर आलेली दिसली तर पाण्यात उतरू नका. पहिला फोन खालच्या वाडीला करा, गुरं पाण्यावर नेऊ नका, पाणी भरू नका आणि ते मासे खाऊ नका म्हणून. मग घड्याळ बघून वेळ लिहा, व्हिडिओ घ्या, स्वच्छ बाटली काठोकाठ भरून झाकण लावा, दुसरी बाटली जिथे मासे जिवंत आहेत अशा वरच्या जागेवरून भरा. चार-पाच मेलेले मासे वेगळ्या पिशवीत घाला, सगळं बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. वाहतं पाणी आहे, दुसऱ्या दिवशी तिथे पुरावा नसतो.